कोरड सोसणारी आमरी

आंब्याच्या फांदीवर उगवलेली प्रत्येक वनस्पती बांडगूळ नसते. कोकणात बागेची साफसफाई निघाली की कोयता बांडगुळावर चालतो आणि त्याच फटक्यात जाड, लांबट पानांचा आणि पांढुरक्या मुळांच्या गुंत्याचा एखादा झुबकाही खाली येतो. बांडगूळ फांदीच्या आत शिरतं, झाडाच्या पाण्यावर जगतं. ते काढायलाच हवं. या दुसऱ्या झुबक्याची मुळं मात्र सालीला नुसती चिकटलेली असतात. ती आत शिरत नाहीत, रस ओढत नाहीत. ही आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड. झाडाकडून ती घेते ती फक्त बसायला जागा आणि उजेडाकडे जाण्यापुरती उंची. तिला खरवडून आंब्याचा मोहोर एका तुऱ्यानेही वाढत नाही, आणि आमरीची मात्र दहा-पंधरा वर्षांची वाढ पाचोळ्याच्या ढिगात जाते. माहिती नसल्यामुळे होणाऱ्या नुकसानांतलं हे सगळ्यात सहज टाळता येण्यासारखं नुकसान आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

ऑर्किड म्हटलं की डोळ्यांपुढे उभी राहतात ती बारमाही पावसाची, ओलीचिंब जंगलं. सह्याद्रीतली आमरी समजून घ्यायची तर हे चित्र बाजूला ठेवावं लागतं. आपल्याकडे पाऊस चारच महिने येतो, पण येतो तो कोसळतो. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तरी दिवाळी उलटली की तिथल्याही फांद्या सुकायला लागतात, आणि फाल्गुन-चैत्रात साल हाताला खरखरीत, कोरडीठाक लागते. फांदीवर माती नाही, पाणी नाही, वारा आणि ऊन मात्र भरपूर. तिथे वर्षानुवर्षं टिकून राहणं हे आमरीचं खरं कसब. फूल हा त्यानंतरचा भाग.

जगभरात ऑर्किडच्या सुमारे २८,००० जाती मानल्या जातात. फुलझाडांची एवढी मोठी कुळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नाहीत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये देशातल्या ऑर्किडांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात १,२५६ जातींची नोंद आहे. त्यांतल्या ३८८ जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. एकट्या अरुणाचल प्रदेशात पाचशेहून अधिक जाती आहेत. अख्ख्या पश्चिम घाटात तीनशेच्या आसपास आणि आपल्या महाराष्ट्रात शंभराहून थोड्या अधिक. हा फरक पावसाच्या आकड्याने उलगडत नाही, कारण पावसात आंबोली किंवा महाबळेश्वर कुणाला हार जाणारी ठिकाणं नव्हेत. तो उलगडतो कोरड्या महिन्यांच्या हिशोबाने. केरळ-तमिळनाडूच्या टोकाला, अगस्त्यमलैच्या डोंगरांत, कोरडा काळ जेमतेम दोन-तीन महिन्यांचा असतो. तिथून उत्तरेला यावं तसा तो लांबत जातो आणि नाशिककडच्या डोंगरांत सात-आठ महिन्यांवर पोचतो. त्या प्रमाणात आमरीच्या जाती कमी होत जातात. पाऊस किती पडतो यापेक्षा तो किती महिने पडत नाही, यावर इथलं बरंचसं गणित बसलेलं आहे.

म्हणूनच आपल्याकडच्या शंभरेक जातींकडे मला अरुणाचलच्या पाचशेंपेक्षा अधिक कुतूहलाने पाहावंसं वाटतं. त्या कोरड्या महिन्यांच्या चाळणीतून गाळून उरलेल्या जाती आहेत.

झाडावरच्या आमरीपासून पाहू. मे महिन्याच्या सुमारास घाटातल्या एखाद्या जुन्या झाडावरून एरिडीसची मुळं हवेत लोंबताना दिसतात. असं मूळ बोटांत धरलं तर कोरडं, पांढरं, कागदासारखं हलकं लागतं. त्यावर पाण्याचे दोन-चार थेंब सोडावेत. डोळ्यांदेखत तेवढा भाग हिरवा होतो. मुळाभोवती मृत पेशींचा एक सच्छिद्र थर असतो. कोरडा असताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ पांढरं दिसतं. पाणी शिरलं की थर पारदर्शक होतो आणि आतल्या जिवंत मुळाचं हरितद्रव्य दिसायला लागतं. हो, ही मुळं प्रकाशात अन्नही तयार करतात. पण त्यांचं मुख्य काम वेगळं. वळवाची पहिली सर येते तेव्हा फांदीवरून ओघळणारं पहिलं पाणी सगळ्यात कसदार असतं: सहा-सात महिन्यांची धूळ, पाखरांची विष्ठा, कुजक्या पानांचा अर्क त्यात उतरलेला असतो. नंतरच्या मुसळधार पावसात नुसतं पाणीच असतं. तो पहिला ओघळ मुळाचा हा थर काही क्षणांत शोषून घेतो आणि मग आतल्या पेशी सावकाश त्यातली पोषकद्रव्यं उचलतात. माती नसलेल्या जागी खताची सोय ही अशी.

पाणी मिळालं, आता ते राखायचं कसं? इथे जातीजातीचे मार्ग वेगळे आहेत. वांडा, एरिडीस, सीतेची वेणी यांनी पानंच जाड, चामड्यासारखी केली. अशा जाड पानांच्या अनेक आमरी पानांवरची रंध्रं दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री, हवा गार झाल्यावर उघडतात. तेव्हा आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा, रंध्रं बंद ठेवून, त्यापासून अन्न बनवायचं. निवडुंग हेच करतो. वाळवंटातली रीत भर जंगलातल्या फांदीवर चालते याचं नवल वाटायला नको. पाण्याच्या दृष्टीने एप्रिलमधली फांदी वाळवंटच असते. रास्ना म्हणून ओळखली जाणारी वांडा टेसेलाटा तर विदर्भातल्या रखरखीत रानांतही मोहावर, आंब्यावर ऐन उन्हाळ्यात हिरवी राहते.

डेंड्रोबियमची तऱ्हा उलटी. तिच्या खोडाच्या फुगीर कांड्या होतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना आभासी कंद म्हणतात. पावसाळ्यात या कांड्या पाणी आणि अन्न भरून घेतात आणि थंडी पडली की झाड सगळी पानं टाकून देतं. पान म्हणजे पाण्याची गळती, ती बंद. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये, वाळून गेल्यासारख्या दिसणाऱ्या त्या उघड्या काड्यांवर पांढऱ्याशुभ्र फुलांचे घोस येतात. घाटात ही डेंड्रोबियम बार्बॅट्युलम पाहिलेली माणसं तिला विसरत नाहीत, कारण तेव्हा भोवतालचं रान करडं असतं, पायाखाली पाचोळा चुरचुरत असतो आणि फुलणाऱ्या या आमरीवर एकही हिरवं पान नसतं. जी वनस्पती पाण्यासाठी इतकी काटकसर करते ती फुलं मात्र ऐन कोरडीत काढते, याला कारणही आहे. पानं झडलेल्या रानात फूल लांबून दिसतं, आणि कीटक उडण्याच्या आड पाऊस येत नाही.

सगळ्यात टोकाला गेलेली म्हणजे पॉरपॅक्स. शेवाळलेल्या सालीवर बटणाएवढ्या चपट्या गाठी एकमेकींना चिकटून बसलेल्या, त्यांच्यावर जाळीदार आवरण, बस्स. वर्षातले बरेच महिने तिला पानच नसतं. झाडाखालून शंभर माणसं गेली तरी एकालाही ती दिसायची नाही. पहिल्या पावसात या गाठींतून तपकिरी-तांबूस, किंचित उघडलेलं फूल येतं आणि पानांची इवलीशी जोडी.

लहान आमरींचं जग पाहायला भिंग हवंच. ओबेरोनियाची पानं चपटी, एकात एक बसवून पंख्यासारखी पसरलेली असतात. पावसाळा संपता संपता त्या पंख्यातून एक बारीक, वाकलेली दांडी निघते. दुरून ती दांडी खरबरीत दिसते एवढंच. भिंग लावलं की कळतं, ती खरबरीत नाही. तिच्यावर वेढ्यावेढ्याने शेकडो फुलं बसलेली आहेत आणि एकेक फूल सुमारे दोन मिलिमीटरचं आहे. त्या दोन मिलिमीटरांत ऑर्किडला हवं ते सगळं असतं: बाहेरची तीन दलं, आतली तीन, त्यांतलं एक वेगळ्या आकाराचं. या वेगळ्या दलाला ओष्ठ म्हणतात. ओष्ठ म्हणजे कीटकाला उतरायचा धक्का. फुलाच्या मधोमध पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र जुळून झालेला एक स्तंभ असतो, आणि पराग सुट्या भुकटीसारखे नसून त्यांचे घट्ट पिंड झालेले असतात. फुलाचा आकार फूटभर लांब तुऱ्यातल्या सीतेच्या वेणीचा असो की ओबेरोनियाचा, ही मांडणी बदलत नाही.

सीतेच्या वेणीचा उल्लेख आलाच आहे तर तिथे जरा थांबतो. मे-जूनमध्ये खाली झेपावणारा पांढरा-जांभळट ठिपक्यांचा तो तुरा महाराष्ट्र-गोव्यात अनेकांच्या ओळखीचा असतो. हिलाच आसामात कपौ फूल म्हणतात. बिहूच्या नाचात मुली ती केसांत माळतात आणि आसामने व अरुणाचलने तिला राज्यफुलाचा मान दिला आहे. सह्याद्रीपासून ईशान्येपर्यंत आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत पसरलेली अशी ही जात. तिच्या शेजारच्या फांदीवर स्मिथसोनिया असू शकते. या प्रजातीत तीनच जाती आहेत आणि तिन्ही भारतीय द्वीपकल्पाबाहेर कुठेही मिळत नाहीत. तिला स्वतंत्र प्रजाती म्हणून ओळखलं ते १९७४ मध्ये, सेसिल साल्डान्हा यांनी. म्हणजे जॉन ग्रॅहॅमची मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची यादी १८३९ ची, डॅलझेल आणि गिब्सन यांचा ग्रंथ १८६१ चा, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या फादर सांतापाव यांनी कापडियांच्या साथीने लिहिलेलं मुंबई परिसरातल्या ऑर्किडांवरचं पुस्तक १९६६ चं. एवढी माणसं घाट तुडवून गेल्यावरही शोध संपला नव्हता.

झाडही कुठलंही चालत नाही. ऐनाची साल खोल भेगांची, आंब्याची आणि जांभळाची खडबडीत. भेगेत धूळ साठते, शेवाळ धरतं, ओल टिकते, आणि वाऱ्याने आलेलं बी तिथे अडकतं. नाणा या झाडाची साल गुळगुळीत आणि वरचेवर सोलून पडणारी. तिच्यावर आमरीचं रोप तग धरायच्या आधी सालच गळून जाते. महाबळेश्वरच्या बुटक्या, वाऱ्याने वाकलेल्या जांभळा-अंजनीच्या रानात फांद्या शेवाळाने माखलेल्या असतात, म्हणून तिथे माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरही आमरी दिसते. तिथून तीसेक किलोमीटरवरच्या वाईत पाऊस कितीतरी पटींनी कमी होतो आणि आमरींची गर्दीही ओसरते. झाडाचं वय हा तर फार मोठा मुद्दा. साल भेगाळायला, शेवाळ धरायला, बी रुजायला आणि रोप फुलावर यायला मिळून काही दशकं लागतात. सरपणासाठी ठरावीक वर्षांनी तोडलं जाणारं रान दुरून हिरवंगार दिसतं, पण त्यातल्या कोवळ्या, सरळसोट खोडांवर आमरी शोधूनही सापडत नाही. देवराईत पाऊल टाकलं की फरक लगेच दिसतो. तिथला शेकडो वर्षांचा वृक्ष म्हणजे आमरींचं अख्खं गाव असतं.

आता झाडावरून खाली, सड्यावर. सडा म्हणजे जांभा दगडाचं सपाट, उघडं पठार. कासचं पठार सगळ्यांना माहीत आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्या यादीत महाराष्ट्रातल्या चार जागांत कासही आहे. तिथे झाड जवळजवळ नाही. कातळावर बोटभर माती, पावसात ती पाण्याने डबडबलेली आणि उन्हाळ्यात भाजून निघणारी. इथल्या आमरींनी कोरडीवर काढलेला उपाय म्हणजे जमिनीवरून नाहीसं होणं. ऑक्टोबरनंतर हबेनारियाचं पान, दांडी, सगळं सुकून जातं आणि मातीत उरतो एक छोटा कंद. जून उजाडतो तेव्हा तोच कंद आपला साठा खर्चून कोंब वर पाठवतो. पावसाळाभर जुन्या कंदाशेजारी नवा कंद भरत जातो आणि जुना रिकामा होऊन कुजतो. वर्षाची सगळी कमाई त्या एका नव्या कंदात. म्हणूनच तो उकरला की ते झाड संपलं.

पहिल्या पावसानंतर हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस येते. नाव अवघड, रूप अगदी साधं: जमिनीला चिकटलेलं एकुलतं एक गोल पान आणि त्यातून निघालेल्या दांडीवर एखाद-दोन पांढरी फुलं. पठारावर ती अशी हजारोंनी उमलते, आणि जुलैत ढगांत बुडालेल्या कासवर गेलात तर पाऊल कुठे ठेवायचं हा प्रश्न पडतो. श्रावणात टूथब्रश ऑर्किड, म्हणजे हबेनारिया हेनियाना. सगळी फुलं दांडीच्या एकाच बाजूला ओळीने. त्यानंतर गवत उंच झाल्यावर हबेनारिया लॉंगिकॉर्निक्युलाटा. हिच्या पांढऱ्या फुलाला मागे मकरंदाची नळी असते, फुलाच्या मानाने कितीतरी लांब, खाली लोंबणारी.

या फुलाशी एक छोटा प्रयोग फुलाला इजा न करता करता येतो. गवताची बारीक काडी घेऊन नळीच्या तोंडाजवळ, मध्यभागी हलकेच टेकवायची आणि क्षणभर थांबून मागे घ्यायची. काडीला पिवळसर परागपिंड चिकटून येतो. बारीक देठ आणि देठाच्या तळाशी चिकट चकती. पतंग सोंड आत घालतो तेव्हा हेच घडतं. पुढचं निरीक्षण चार्ल्स डार्विनचं. युरोपातल्या ऑर्किस या आमरीवर त्याने पेन्सिलीच्या टोकाने असे पिंड काढले, तेव्हा ते सुरुवातीला ताठ उभे होते. अर्ध्या मिनिटात देठ हळूहळू पुढे वाकला आणि पिंड पुढच्या फुलाच्या स्त्रीकेसराला नेमका भिडेल अशा कोनात आला. त्या अर्ध्या मिनिटात कीटक बहुधा दुसऱ्या झाडावर पोचलेला असतो, म्हणजे आपलेच पराग आपल्यालाच लागायचा संभव कमी. १८६२ मध्ये त्याने ऑर्किडच्या परागीभवनावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि मादागास्करच्या एका आमरीची फूटभर लांब नळी पाहून तेवढ्या सोंडेचा पतंग असलाच पाहिजे असं सांगितलं. तो पतंग नावानिशी शास्त्रात आला १९०३ मध्ये, डार्विन गेल्यावर वीसेक वर्षांनी. आपल्या सड्यावरच्या पांढऱ्या फुलांच्या लांब नळ्याही रात्री उडणाऱ्या पतंगांकडेच बोट दाखवतात.

सगळ्याच आमरी मकरंद देतात असं मात्र नाही. जवळजवळ एक तृतीयांश जाती कीटकाला काहीच देत नाहीत, नुसतं आमिष दाखवतात. कोकणात झाडांवर वाढणाऱ्या कोटोनियाचा ओष्ठ काळपट, मखमली आणि पिवळसर कडांचा असतो. लांब दांडीच्या टोकाला मधमाशी येऊन बसली आहे असंच वाटतं. युरोप आणि उत्तर आफ्रिकेतली ओफ्रिस ही तर मादीचा आकार आणि गंध दोन्हींची नक्कल करून नर कीटकाला फसवते, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्जीरियात केलेल्या निरीक्षणांतून पुढे आलं.

जंगलाच्या सावलीतल्या जमिनीवर आणखी वेगळी मंडळी. नर्व्हिलिया वळवाच्या पावसानंतर आधी फक्त फूल पाठवते. ते सुकल्यावरच तिचं एकुलतं एक पान वर येतं, त्यामुळे फूल आणि पान एका भेटीत पाहायला मिळत नाही. जिओडोरमच्या फुलांचा गुच्छ दांडी वाकवून जमिनीकडे तोंड करून फुलतो, आणि फळ धरलं की तीच दांडी सरळ उभी राहते, म्हणजे बी वाऱ्यावर सोडता येतं. आणि एपिपोजियम. हिला हिरवा रंगच नाही. पावसाच्या दिवसांत कुजक्या पानांतून फिकट, मेणचट दांडी वर येते, फुलते, बी टाकते आणि दिसेनाशी होते. पान नाही, प्रकाशसंश्लेषण नाही. ती जगते बुरशीवर.

आणि इथे आमरीच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते, कारण एपिपोजियम आयुष्यभर जे करते ते प्रत्येक आमरी बालपणी करते. आमरीचं एक बोंड हजारो, कधी लाखो बिया वाऱ्यावर सोडतं. बी इतकं सूक्ष्म की एकेकटं डोळ्यांना नीट दिसतही नाही. ते इतकं हलकं राहावं म्हणून त्यात अन्नाचा साठाच नसतो. भाताच्या दाण्यात, चिंचोक्यात पिलासाठी शिदोरी असते. आमरीचं बी रिकाम्या हाताने निघतं. ते रुजायचं तर त्या जागी ठरावीक प्रकारची बुरशी हवी. बुरशीचे तंतू बियात शिरतात, आतल्या पेशींत वेटोळी घालतात, आणि आमरी ती वेटोळी पचवते. त्यातून मिळणाऱ्या अन्नावर तिचा इवलासा गोळा वाढतो, महिनोन्महिने, पहिलं हिरवं पान येईपर्यंत. १८९९ मध्ये नोएल बर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाला फोंतेनब्लोच्या जंगलात एका आमरीची नुकती रुजलेली रोपं सापडली, आणि प्रत्येकात बुरशी होती. त्यावरून त्याने हे नातं ओळखलं. १९२२ मध्ये अमेरिकेच्या लुईस नडसनने बुरशीऐवजी साखरमिश्रित जेलीवर बिया रुजवून दाखवल्या. आज दादरच्या बाजारात किंवा रोपवाटिकेत मिळणारी ऑर्किडची रोपं मोठ्या प्रमाणावर याच वाटेने, काचेच्या बाटल्यांत वाढलेली असतात.

रानातल्या बियाला मात्र बाटली नसते. लाखांतल्या एखाद्या बियाला योग्य भेग, योग्य ओल आणि योग्य बुरशी एकाच वेळी भेटते. म्हणून माझ्या मते आमरीचा पत्ता हा तिच्या शरीराइतकाच तिचा भाग आहे. फांदीवरून सोलून आणलेली आमरी शहरातल्या बाल्कनीत एखादं वर्ष फुलते, कारण कांड्यांत आधीचा साठा असतो. दुसऱ्या वर्षी पानं लहान होतात, तिसऱ्या वर्षी ती सुकते. तिथे ना ती हवा, ना तो पावसाचा पहिला ओघळ, ना तिच्या बियांना ती बुरशी. दोष माळीकामाचा नसतो.

माणसाने आमरी ओरबाडल्याचा इतिहास जुना आहे. अगस्त्यमलैच्या डोंगरांतली पॅफिओपेडिलम ड्रुरी ही पिवळी, बुटाच्या आकाराच्या ओष्ठाची आमरी जगात तेवढ्याच भागात होती; संग्राहकांनी तिची इतकी लूट केली की एकेकाळी ती संपलीच असं मानलं गेलं. औषधाची वाट आणखी रुंद. शक्तीसाठी खाल्ली जाणारी सालममिश्री म्हणजे जमिनीवरच्या आमरींचे वाळवलेले कंद. हिमालयातला सालमपंजा हा डॅक्टिलोरायझाचा पंज्यासारखा कंद, आणि ही आमरी आज गंभीररीत्या धोक्यात आहे. च्यवनप्राशाच्या पाठातल्या अष्टवर्गात जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार वनस्पती हिमालयातल्या आमरी मानल्या जातात. आपल्याकडे अमरकंद म्हणून युलोफियाचे कंद खणले जातात. आदिवासी पाड्यावरचं कुटुंब गरजेपुरते चार कंद काढून उरलेले राखून ठेवतं. पोत्याने भरून बाजारात जाणारे कंद ही वेगळी गोष्ट आहे. ऑर्किडच्या सगळ्याच जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या कक्षेत आहेत, पण हा करार देशांच्या सीमेवर लागू होतो. तालुक्याच्या बाजाराला तो दिसत नाही.

तरीही सह्याद्रीत आमरीला खरा धोका उपटण्यापेक्षा जागा जाण्याचा आहे. सडा महसुली कागदावर पडीक जमीन असतो, म्हणून चिऱ्याची खाण, रस्ता, बांधकाम पहिल्यांदा तिथे जातं. कातळावरची बोटभर माती एकदा खरवडली की ती परत तयार व्हायला माणसाची आयुष्यं पुरत नाहीत. वणवे लागतात ते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, नेमक्या डेंड्रोबियमच्या हंगामात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं रान बरंचसं मालकीचं आहे; दोडामार्गाकडे जुनं रान साफ करून रबर लावलं गेलं, आणि एकसुरी लागवडीच्या त्या खोडांवर जुन्या ऐनाचं काम होत नाही. पण मालकी असण्याची दुसरी बाजूही आहे. जमीनमालकाने ठरवलं तर बांधावरचा एक जुना आंबा, एक किंजळ राखायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

वादळात किंवा रस्ता रुंदीकरणात झाड आडवं झालंच, तर त्यावरची आमरी वाचवता येते. झुबका सालीच्या तुकड्यासकट काढायचा, जवळच्याच आणि शक्यतो त्याच जातीच्या झाडावर, साधारण तेवढ्याच उंचीवर आणि तशाच उजेडात काथ्याच्या दोरीने बांधायचा. माती, शेण, खत काही लावायचं नाही. पावसाच्या तोंडावर बांधलेला झुबका पावसाळाभरात नवी मुळं धरतो. थंडीत बांधलेला बहुतेक वेळा वाळतो. रान तोडायला निघालेल्या माणसांना हे आधी सांगून ठेवलं तर ते स्वतःच झुबके बाजूला काढून ठेवतात, असा माझा अनुभव आहे.

घाट दूर असलेल्यांसाठी झ्यूक्झिन स्ट्रॅट्युमॅटिका आहे. वीतभरही उंच नसलेली ही आमरी ओलसर हिरवळीत, ओढ्याकाठी, भातखाचरांच्या बांधावर येते, साधारण डिसेंबर ते मार्च. पानं गवतासारखी अरुंद आणि तांबूस छटेची, टोकाला इवल्या पांढऱ्या फुलांचा दाट तुरा आणि प्रत्येक फुलाचा ओष्ठ पिवळा. गवतात ती सहज लपते. जिथे एक दिसेल तिथे आसपास आणखी असण्याचा संभव असतो, आणि हिरवळ कापायचं यंत्र फिरायच्या आधी तेवढा तुकडा दोन-तीन आठवडे मोकळा ठेवायला माळ्याला सांगितलं, तर बी धरेपर्यंत ती तिथे राहू शकते.